जीपमधला किल्लीवाला

प्रिय मुद्देबाई,

हे नाव तुझ्या आईनं ठेवलेलं, त्यात माझा हात नाही. जेवताना मी शाळेच्या पुस्तकातली ओढ्याची कविता सांगायला घेतली की माझा ओढा डोंगरातून निघून पहिल्या वळणावरही पोचलेला नसायचा आणि तू चमचा ताटावर आपटून म्हणायचीस, बाबा, मुद्दा! सात वर्षांची पोर. तुझी आई हसून हसून ठसका लागेपर्यंत हसायची आणि म्हणायची, हिला बातम्यांत घाला, नाहीतर वकिलाच्या घरी द्या. तू बातम्यांत गेलीस. मी मात्र आहे तिथेच आहे. आजही मुद्द्यावर यायला मला वेळ लागेल. पण हे पत्र आहे, मध्येच ठेवून देता येत नाही. म्हणजे येईल, पण मला कळणार नाही, आणि मी आपला शेवटपर्यंत बोलत राहीन.

माझं बरं चाललंय. चष्म्याला नवी काच बसवली. डावीकडचे दोन दात हलत होते, त्यातला एक परवा भाकरीबरोबर निघून आला. दुसरा अजून तग धरून आहे. गुडघे जिन्यावर कुरकुरतात, पण त्यांना मी विचारत नाही. सकाळी चहा, मग खिडकी, मग वर्तमानपत्र. टीव्हीवर तुझ्या आईची जुनी चादर टाकून ठेवली आहे. वायर काढली आहे. कविता म्हणणं बंद केलं आहे. ते वाचून तुला बरं वाटेल, पण कारण ऐकशील तेव्हा वाटणार नाही.

किल्लीवाल्याबद्दल तुला सांगायचं राहून गेलं. तू आमच्या गल्लीत शेवटची आलीस तेव्हा तो कोपऱ्यावर बसायला लागला नव्हता. एक लाकडी पेटी, तिच्यावर घट्ट बसवलेली, दांडा फिरवून किल्ली आवळायची पकड, दोन कानशी, आणि जाड तारेचं एक कडं, त्यात सातआठशे कोऱ्या किल्ल्या ओवलेल्या. हे कडं तो खांद्यात अडकवून यायचा आणि चालताना असा आवाज व्हायचा की बायका म्हणायच्या, आला आपला नवरदेव, घोडा तेवढा राहिला. माझी त्याची ओळख भांडणातून झाली. माझी किल्ली हरवली, मी त्याला म्हटलं, चल, कुलूप उघड आणि नवी करून दे. तो म्हणाला, घर तुमचंच कशावरून? मी भडकलो. मी टपाल कचेरीत छत्तीस वर्षं पत्रं लावली, अख्खी गल्ली मला ओळखते, आणि हा कालचा आलेला मला विचारतो! तो शांतपणे बिडी विझवून म्हणाला, काका, ओळखते ना गल्ली? मग दोघांना बोलवा, दोघांनी सांगू दे, पाच मिनिटांचं काम आहे. आणि खरंच खालच्या मजल्यावरची शिवणवाली आणि समोरचा इस्त्रीवाला, दोघांना त्यानं विचारलं, आणि तेही वेगवेगळं, एकमेकांदेखत नाही. मग कुलूप उघडलं, आणि तेवढ्या वेळात सवयीनं मी त्याला एक कविता ऐकवलीच. मी रागानं म्हटलं, माझी बायको आज असती तर तिलाही साक्षीदार विचारला असतास. तर म्हणतो, तुमची कविता ऐकून त्यांनीच नवऱ्याचं नाव बदलून सांगितलं असतं तर माझी पंचाईत झाली असती. तेव्हापासून मी त्याचा कविराज आणि तो माझा दररोजचा एक तास.

शाळा सुटली की मुलं त्याच्याभोवती जमायची. कापताना बिघडलेल्या किल्ल्या तो त्यांना वाटून टाकायचा. एकीला सांगायचा, ही चंद्राच्या दाराची, सांभाळून ठेव. दुसऱ्याला, ही तुझ्या मास्तरांच्या तोंडाची, गृहपाठाच्या वेळी फिरव. आणि महिन्यातून एकदोनदा पोलिसांची जीप यायची. त्याला पाठी बसवून न्यायची. आतून बंद असलेली दारं असतात ना, ज्यांच्या मागे कोणी चार दिवस दिसलेलं नसतं, ती उघडायला. परत आला की नळाखाली हात धरून उभा राहायचा, साबण संपेपर्यंत. मी एकदा विचारलं, आत काय होतं रे? तो म्हणाला, कविराज, तुमच्या पुस्तकात नसलेलं.

आता त्या मंगळवारचं. दुपारी दीड वाजता तुझा फोन आला. मंगळवारी! तुझा फोन रविवारी येतो, तीन मिनिटांचा, त्यातलं एक मिनिट गोळ्या घेतल्या का यात जातं. मला इतका आनंद झाला की मी ताटावरून खरकट्या हातानं उठलो. तू म्हणालीस, बाबा, तुमच्या कोपऱ्यावर एक किल्लीवाला बसतो ना, शाळेच्या फाटकासमोर? म्हटलं, बसतो की! मुलं त्याच्याभोवती असतात? असतात. तो त्यांना काही देतो? देतो. कुठला आहे, माहीत आहे? म्हटलं, कधी विचारलं नाही. मग तू विचारलंस, त्याला पोलिसांनी कधी नेल्याचं ऐकलंय का? आणि मी, तुझा बाप, ज्याला कुठलीही गोष्ट चित्रापासून सुरू करायची खोड आहे, मी म्हटलं, ऐकलंय काय, या डोळ्यांनी बघितलंय, जीपमध्ये पाठीमागे बसलेला, कडं मांडीवर, आणि जीप निघाली की किल्ल्या अशा वाजतात, जशा... तू म्हणालीस, बस, बाबा, एवढंच हवं होतं, नंतर करते. खट्. दारं उघडायला नेतात, हे माझ्या तोंडात तसंच राहिलं.

मी परत लावला. लागला नाही. मी एकदाच लावला. मग हात धुतला आणि टीव्ही लावून बसलो, कारण तुझं काहीतरी असणार होतं.

दोन वाजता त्याचा फोटो आला. फाटकाशी वाकलेला, हात पुढे, समोर दोन मुली, आणि त्याच्या डोक्याभोवती लाल वर्तुळ. मुलं पळवणारी टोळी शहरात दाखल. बनावट किल्ल्यांनी घरात घुसतात. आणि मग बातम्या सांगणारी बाई म्हणाली, परिसरातल्या एका ज्येष्ठ नागरिकानं दिलेल्या माहितीनुसार या इसमाला पोलिसांनी याआधीही ताब्यात घेतलं होतं. तुला खरं सांगतो, कारण या पत्रात खोटं लिहायचं असतं तर पत्र लिहिण्याचं कारणच नव्हतं. मला पहिल्यांदा अभिमान वाटला. ज्येष्ठ नागरिक म्हणजे मी! छत्तीस वर्षं लोकांची पत्रं लावली, माझं एक वाक्य कुणी कुठे छापलं नाही, आणि आज लाखो घरांत. तो अभिमान किती टिकला असेल? दहा मिनिटं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, अगं, पण पुढचं? पुढचं सांगेल आता. ती बाई तेच तेच सांगत राहिली. मग रस्त्यावरून आवाज आला.

किल्ल्यांचा आवाज होता. पण चालण्याचा नव्हे. खिडकीतून बघितलं तर पेटी उलटी पडली होती आणि त्याचं कडं दुसऱ्याच कुणाच्या हातात होतं. व्यायामशाळेतला तो रुंद मानेचा पोरगा. तो कडं दोन्ही हातांनी डोक्यामागे नेत होता आणि लाकडं फोडतात तसं खाली आणत होता. पहिल्या दोन घावांत किल्लीवाला ओरडला, अरे विचारा, विचारा ना कुणाला तरी! तिसरा तोंडावर बसला, त्यानंतर शब्द नव्हते, नुसता ओला आवाज. आणखी एकजण काठीनं मारत होता. इस्त्रीवाला होता. आपला इस्त्रीवाला, माझे सदरे करतो तो, त्यानं पायातली चप्पल काढून घेतली होती आणि अगदी नेमानं, एकाच जागी, कानावर, मारत होता. एका बाईनं मुलीला कडेवर घेतलं होतं आणि मोकळ्या पायानं ती त्याच्या पोटात लाथा घालत होती. मुलगी तिच्या खांद्यावर तोंड लपवून रडत होती. कुणीतरी त्याचा हात पकडीत घातला आणि दांडा फिरवला. तो किल्ली आवळायचा तसा. सगळ्यांच्या हातात फोन होते, आणि मारून झालं की ते बाजूला होऊन चित्रण घेत, आणि चित्रण घेऊन झालं की पुन्हा मारायला येत. जणू रांग होती.

कविता मी का सोडली ते आता सांगतो. आमचे मास्तर वृत्त शिकवायचे ते रुळानं, बोटांच्या पेरांवर. लघु म्हणजे हलका, गुरु म्हणजे जोरात. भुजंगप्रयात शिकताना माझी बोटं सुजून यायची, एक हलका, दोन जड, एक हलका, दोन जड, आणि तरी मला ते वृत्त जन्मभर आवडलं, कारण दुखलेलं जे असतं ते पक्कं बसतं. तुला पाळण्यात मी त्याच तालावर झोपवलं आहे. त्या दुपारी खिडकीत उभा राहून मी ऐकत होतो. चप्पल हलकी, कडं जड, काठी जड. चप्पल, कडं, काठी. माझं डोकं मोजत होतं. तो माणूस मरत होता आणि माझं डोकं मात्रा मोजत होतं, आणि ओळ बरोबर बसत होती.

मग मी खाली उतरलो. जिन्याला सतरा पायऱ्या आहेत. खालून तिसरीवर माझे पाय थांबले. तिथून त्याचा डोळा दिसत होता, एकच, दुसरा मांसाखाली गेला होता. त्यानं मला ओळखलं की नाही, हे मला कधीच कळणार नाही. मी ओरडलो, अरे, ते दारं उघडायला नेतात त्याला! कुणी वळलं नाही. खाली येऊन पुन्हा ओरडलो तेव्हा इस्त्रीवाल्याच्या भावानं मागे न बघताच कोपर मारलं, ते माझ्या जबड्यावर बसलं. दातांचं ते असं. चष्मा पडून कुणाच्या तरी पायाखाली गेला. मग त्यानं मला बघितलं, हाताला धरून उठवलं, आणि फार आपुलकीनं म्हणाला, काका, लागलं का हो? तुम्ही वर जा. तुम्हाला माहीत नाही, टीव्हीवर सांगितलंय, आपल्याच गल्लीतल्या कुणीतरी माहिती दिली. मी त्याला म्हणायला हवं होतं, तो मीच. मी वर गेलो.

पोलीस अडीचच्या पुढे आले. त्याला घेऊन गेले, त्याच जीपमधून. दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्यानं माझे सदरे आणून दिले, घडी नेहमीसारखी, कॉलरला जरा जास्त खळ. म्हणाला, काका, कालचं जाऊ द्या. मी ते सदरे अजून घातलेले नाहीत.

किल्लीवाला तिसऱ्या दिवशी गेला. त्याआधी, त्याच मंगळवारी संध्याकाळी सहाला, त्याच्या खोलीवर गर्दी गेली. तुमच्या पडद्यावर तेव्हाही तोच फोटो होता, तेच वर्तुळ. त्याची बायको आत होती. तिनं कडी लावली. किल्लीवाल्याच्या घराचं दार, पण फळ्या मात्र जुन्या. त्यांनी दार फोडलं आणि विचारलं, मुलं कुठे लपवलीस? तिनं उत्तर दिलं नाही म्हणून तिचा उजवा हात दाराच्या चौकटीत धरून दार लोटलं. एकदा नाही. डॉक्टर म्हणाले, बोटांच्या हाडांचा चुरा आहे, जोडायचं काय आणि कशाला. ती आता डाव्या हातानं भांडी घासते.

तिनं तुमच्या वाहिनीवर दावा लावला आहे, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिच्या वकीलबाई माझ्याकडे येऊन गेल्या. लहानखुऱ्या आहेत, बोलताना पेनाचं टोपण चावतात. मी त्यांना विचारलं, बाई, खोटी बातमी दिली म्हणून कुणाला कधी शिक्षा होते का हो? त्या म्हणाल्या, काका, नुसती खोटी ठरून भागत नाही. ते म्हणतील, घाईत चूक झाली, चौकशी केली होती, दोन माणसांनी दुजोरा दिला होता, हेतू चांगला होता. तिथवर न्यायालय बरंच समजून घेतं. पण खोटं आहे हे कळल्यावरही चालू ठेवलं, हे दाखवता आलं तर मात्र त्यांना पळायला वाट नाही. म्हणून सगळा प्रश्न एकच आहे, त्यांना कळलं कधी? मग त्यांनी मला तुझं प्रतिज्ञापत्र दाखवलं. खाली तुझी सही, दुसरीत असताना मी गिरवून घेतली होती तसल्या गोल अक्षरांत. त्यात लिहिलंय की दुजोरा दोन स्वतंत्र व्यक्तींनी दिला, एक पालक आणि एक निवृत्त, प्रतिष्ठित रहिवासी. आणि खरं काय ते वाहिनीला प्रथम समजलं दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, पोलिसांच्या निवेदनातून; समजताच बातमी काढली. स्वतंत्र व्यक्ती वाचून मला हसू आलं. मुद्देबाई, मी तुझ्यापासून कधी स्वतंत्र होतो गं?

मागच्या आठवड्यात मी त्याच्या बायकोकडे गेलो. ती म्हणाली, काका, तुम्ही याल ना न्यायालयात बोलायला? तुम्ही तर रोज त्यांच्याजवळ बसायचात. ती चहा ओतत होती, डाव्या हातानं, किटली हलत होती. मी म्हटलं, टीव्हीवर जो ज्येष्ठ नागरिक म्हणत होते, तो मी आहे. माझ्याच मुलीनं फोन केला होता. मी अर्धंच सांगितलं. ती ओतत राहिली. कप भरला, बशी भरली, चहा चटईवर आला, माझ्या पायापर्यंत आला, चांगला कढत. मी पाय हलवला नाही. मला वाटलं आता ती किटली माझ्या तोंडावर मारेल, आणि मला ते हवंही होतं. तिनं किटली खाली ठेवली. म्हणाली, अर्ध्यावर माझा नवरा गेला. आता उरलेलं सांगा.

तिला वाटलं, उरलेलं म्हणजे जीप आणि दारं. ते मी वकीलबाईंना केव्हाच सांगितलं आहे. उरलेलं दुसरंच आहे, आणि ते फक्त आपल्या दोघांना माहीत आहे. त्या मंगळवारी चार वाजून दहा मिनिटांनी मी तुला पुन्हा फोन केला. या वेळी लागला. मी जबडा धरून बोलत होतो, तोंडात रक्त येत होतं, आणि तरी मी सगळं सांगितलं. जीप का येते, किल्ल्या मुलांना का देतो, खाली काय झालं. चार मिनिटं. जन्मात पहिल्यांदा तू मला मुद्दा म्हणाली नाहीस. शेवटी इतकंच म्हणालीस, बाबा, हे आणखी कुणाला बोलू नका, मी वर सांगते. चारला तुला कळलं होतं, सहाला त्यांनी तिचा हात चौकटीत धरला, आणि तुमचं लाल वर्तुळ सकाळी नऊपर्यंत फिरत होतं. तू वर सांगितलंस आणि त्यांनी ऐकलं नाही, की तू सांगितलंच नाहीस, हे मला माहीत नाही. रोज खिडकीत बसून मी पहिलं खरं धरून चालतो. फोन कंपनीच्या यादीत तो फोन आहे. वकीलबाईंनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, बापलेकीचं बोलणं, गोळ्या घेतल्या का वगैरे. मी तुझ्यासाठी खोटं बोललो, आणि किती सोपं गेलं ते. परवा सकाळी अकराला सुनावणी आहे. आधी तुझी साक्ष, मग माझी. तू चार वाजून दहा मिनिटं असं म्हणालीस, तर मला तुझ्यामागे फक्त हो म्हणायचं आहे. नऊ म्हणालीस, तर मी भरल्या न्यायालयात, तुझ्याकडे बघून, माझी मुलगी खोटं बोलते आहे असं सांगेन. तुझी नोकरी जाईल, कदाचित त्याहून जास्त जाईल, हे मला कळतं. तरी सांगेन. ते तुला तिथे पहिल्यांदा ऐकायला लागू नये म्हणून हे पत्र, टपालात न टाकता आजच माणसाबरोबर पाठवतो आहे. मध्ये उद्याचा दिवस आहे. फोन करू नकोस, फोनवर आपण एकमेकांचं धड ऐकत नाही. यायचं तर ये.

तुझाच, आणि त्या दिवशी आणखी कुणाचा तरी असायला हवा होता असा,
बाबा